संगणक तोच, कार्ड तेच, नाव मात्र दुसरे!

नागपूर - कार्यालयातील संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम नव्या आवृत्तीवर नेली, काम यशस्वी झाल्याचा संदेश पडद्यावर उमटला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि नेटवर्क गायब! केबल जागेवर आहे, स्विचवरचा दिवा लुकलुकतो आहे, कार्डही ठणठणीत आहे. तरीही शेजारच्या टेबलावरील संगणकाला या संगणकाचा पत्ता लागत नाही. अशा वेळी पहिला संशय केबलवर घेतला जातो, दुसरा इंटरनेट पुरविणाऱ्यावर आणि तिसरा कार्डावर. काही जण तर नवे कार्ड विकत आणून मोकळे होतात. खरे कारण पुष्कळदा याहून साधे असते. नव्या आवृत्तीने त्याच कार्डाला दुसरे नाव दिलेले असते आणि संगणकातील बाकीच्या फाईली त्याला जुन्याच नावाने हाका मारीत बसलेल्या असतात.

धरमपेठेसारख्या भागात हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता उरत नाही. राहती घरे आणि व्यवसाय येथे एकाच छताखाली नांदतात. तळमजल्यावर दवाखाना, वर डॉक्टरांचे घर. पुढच्या खोलीत सनदी लेखापालाचे कार्यालय, मागे कुटुंब. कुठे शिकवणी वर्ग, कुठे वास्तुरचनाकाराचा स्टुडिओ. अशा ठिकाणी संगणकांची देखभाल करणारा पगारी माणूस नसतो. कोपऱ्यातल्या टेबलाखाली ठेवलेला एखादा जुना संगणक लिनक्सवर वर्षानुवर्षे मुकाट्याने चालत असतो. सर्वांच्या फाईली साठविणे, इंटरनेट वाटून देणे आणि बाहेरच्या आगंतुकांना दारातच अडविणे अशी तिहेरी कामे तो करतो. त्याच्यात बहुधा दोन नेटवर्क कार्डे असतात. एक बाहेरच्या जगाकडे तोंड करून, दुसरे आतल्या संगणकांकडे. या संगणकाची सुधारणा नेमकी १९ तारखेच्या रात्री उरकली आणि २० तारखेला जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत असली, तर नावातल्या एका अक्षराची किंमत काय, हे लेखापालांना वेगळे सांगावे लागत नाही.

माणसांना नावांचा बदल फारसा अडवीत नाही. दक्षिण अंबाझरी मार्गावरील विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले आणि २००२ मध्ये त्याचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर होऊन ते ‘व्हीएनआयटी’ झाले. आजही एखाद्या ज्येष्ठ नागपूरकराने ऑटोवाल्याला ‘व्हीआरसीई’ सांगितले, तरी तो बरोबर त्याच फाटकाशी नेऊन सोडतो. सीताबर्डीला ‘बर्डी’ म्हटले म्हणून कोणी वाट चुकत नाही. संगणकाला मात्र ही समज नाही. फाईलीत लिहिलेले नाव आणि कार्डाचे नाव अक्षरशः जुळले तरच तो दोघांची गाठ घालून देतो. एरवी तसे कार्ड अस्तित्वातच नाही, असे मानून पुढे जातो.

नाव पडते कसे?

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांना अनेक वर्षे ‘ईथ०’, ‘ईथ१’, ‘ईथ२’ अशी नावे मिळत. ‘ईथ’ हे ‘इथरनेट’चे लघुरूप आणि मोजणी शून्यापासून. संगणक सुरू होताना सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, एकेक कार्ड शोधीत जाई. जे आधी सापडेल ते शून्य, नंतरचे एक. जुन्या नागपुरी पद्धतीने पत्ता सांगण्यासारखाच हा प्रकार होता - ‘चौकातून आत वळा, डावीकडचे तिसरे घर.’ मधल्या रिकाम्या प्लॉटवर नवे घर उठेपर्यंत हा पत्ता बिनचूक असतो. ते उठले की तिसरे घर चौथे होते आणि पोस्टमन भलत्याच दारात उभा राहतो. संगणकातही हेच घडे. नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर वेगळ्या क्रमाने सुरू झाले, किंवा वेळ वाचविण्यासाठी एकाच वेळी सुरू होऊ लागले, की कालचे शून्य आज एक होई. एकच कार्ड असलेल्या संगणकाला याचे सोयरसुतक नव्हते. दोन कार्डे असलेल्या संगणकात मात्र आतले बाहेर आणि बाहेरचे आत अशी अदलाबदल होऊ शके.

दुसरा मार्ग ‘यूडेव्ह’ने काढला. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलची २.६ ही मालिका आली, त्या काळात उपकरणांची नावे सांभाळणारी ही यंत्रणा पुढे आली. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक क्रमांक मिळालेला असतो. तो बारा अंक-अक्षरांत लिहितात आणि त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादक कोण हे सांगतो. ‘अमुक मॅक क्रमांकाचे कार्ड म्हणजे ईथ०’ अशी नोंद यूडेव्ह एका नियमांच्या फाईलीत स्वतःच करून ठेवू लागली. हा पत्ता घरमालकाच्या नावाने लिहिलेला. क्रम बदलला तरी हरकत नाही, पण घर विकले गेले की पंचाईत. मदरबोर्ड जळाला, त्याच जातीचा नवा बसविला, की मॅक क्रमांक बदले. जुना ‘ईथ०’ गेलेल्या कार्डासाठी राखीवच राही आणि नव्याला ‘ईथ१’ मिळे. संगणक-दुरुस्तीच्या धंद्यातील जुन्या माणसांना हा अनुभव नवा नाही. आभासी संगणकाची हुबेहूब प्रत काढली की तिथेही तेच होई, कारण प्रतीला नवा मॅक क्रमांक मिळतो, पण नियमांची फाईल जुनीच सोबत येते.

तिसरा मार्ग जागेचा. घरात कोण राहतो हे न पाहता लेआउटमधील प्लॉट क्रमांक लिहायचा! डेल कंपनीने पुढाकार घेतलेली ‘बायॉसडेव्हनेम’ ही पद्धत मे २०११ मधील फेडोरा १५ मध्ये आली. तिच्यात मदरबोर्डवरील पहिले कार्ड ‘ईएम१’ आणि पहिल्या स्लॉटमधील कार्डाचे पहिले तोंड ‘पी१पी१’ म्हणून ओळखले जाई. जानेवारी २०१३ मध्ये ‘सिस्टिमडी’च्या १९७ व्या आवृत्तीने हाच विचार अधिक पद्धतशीरपणे मांडला आणि पुढे तोच रूढ झाला. त्यानुसार मदरबोर्डच्या फर्मवेअरने क्रमांक सांगितला तर ‘ईएनओ१’. स्लॉटचा क्रमांक कळला तर ‘ईएनएस१’. दोन्ही न कळल्यास कार्ड पीसीआय जोडणीवर कुठे बसले आहे त्यावरून ‘ईएनपी३एस०’, म्हणजे तिसरी बस, शून्य क्रमांकाची जागा. यूएसबीला जोडलेल्या कार्डांसारख्या ठिकाणी ‘ईएनएक्स’पुढे संपूर्ण मॅक क्रमांक येतो. असे नाव नेमके पंधरा अक्षरांचे भरते आणि लिनक्समध्ये नावाची कमाल मर्यादाही पंधराचीच आहे. तारेऐवजी वाय-फाय असेल तर आरंभी ‘ईएन’ऐवजी ‘डब्ल्यूएल’ येते.

या नावांना इंग्रजीत ‘प्रेडिक्टेबल’, म्हणजे आधी सांगता येण्याजोगी, असे म्हटले जाते. हा शब्द काहीसा फसवा आहे. ‘ईएनपी३एस०’ हे नाव संगणक उघडण्यापूर्वी कोणालाच सुचणार नाही. यंत्राची मांडणी आणि प्रणाली तीच राहिली तर नावही तेच राहील, इतकाच त्या शब्दाचा आशय. घरात एकच कार्ड असणाऱ्याला ही सारी उठाठेव कटकटीची वाटली तर त्यात नवल नाही. दोन कार्डांच्या संगणकाला मात्र तिने मोठा आधार दिला.

बदल एका दिवसात झाला नाही

सर्व लिनक्स वितरणांनी ही पद्धत एकाच वेळी स्वीकारली असती, तर गोंधळ एकदाच होऊन संपला असता. प्रत्यक्षात रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ मध्ये ती जून २०१४ मध्ये आली, उबुंटूत ऑक्टोबर २०१५ च्या १५.१० मध्ये आणि डेबियनमध्ये जून २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्सही डेबियनवरच उभी आहे. त्यामुळे डेबियनच्या सूचना तिच्या वापरकर्त्यांनीही वाचून ठेवणे इष्ट.

यात आणखी एक मेख होती. डेबियन ९ नव्याने बसविणाऱ्यांना नवी नावे मिळाली, पण जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्या संगणकात यूडेव्हच्या जुन्या फाईलीमुळे ‘ईथ०’ तसाच चालू राहिला. अनेकांचा समज झाला की आपण या भानगडीतून सुटलो. जुलै २०१९ मध्ये डेबियन १० सोबतच्या टिपणात मात्र स्पष्ट बजावण्यात आले की, ती जुनी फाईल यापुढे अधिकृतपणे ग्राह्य नाही. काही ठिकाणी ती चालेलही, पण भरवसा ठेवू नये. ज्यांनी ते टिपण वाचले नाही त्यांना उत्तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर मिळाले. रेड हॅटने तर यापुढे पाऊल टाकले. ७ वरून ८ वर नेणारे त्यांचे ‘लीप’ हे साधन संगणकात ‘ईथ’ नावाची एकापेक्षा अधिक कार्डे आढळल्यास सुधारणाच रोखून धरते. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ चा आधार संपला, तेव्हा इतकी वर्षे न हलविलेली यंत्रे हलविण्याची वेळ अनेकांवर आली आणि हा अडथळाही काहींनी तेव्हाच प्रथम पाहिला.

प्लॉट क्रमांकही कायमचा नसतो, हे या कथेचे पुढचे वळण. मदरबोर्डवर नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसविले की पीसीआय बसची मोजणी पुढे सरकू शकते आणि ‘ईएनपी३एस०’ होते ‘ईएनपी४एस०’. कार्डाला कोणी हात लावलेला नसतो. बायॉसच्या अद्ययावतीकरणानेही असे घडते. शिवाय सिस्टिमडी स्वतः बदलत असते. फर्मवेअरकडून अधिक माहिती वाचण्याची सोय नव्या आवृत्तीत आली, की त्याच कार्डाचे अधिक ‘अचूक’ नाव तिला सुचते. ही अडचण ओळखूनच २०१८ च्या अखेरीस आलेल्या २४० व्या आवृत्तीत नामकरणाच्या नियमांनाही आवृत्ती क्रमांक देण्यात आले आणि जुन्या क्रमांकाचे नियम पाळण्याची आज्ञा बूट करताना देता येऊ लागली. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या टिपणात नावे बदलू शकतात असा इशारा द्यावाच लागला.

बंद पडणे परवडले, उघडे राहणे नव्हे

नेटवर्क बंद पडले की ते लगेच कळते, आरडाओरड होते आणि कोणीतरी दुरुस्त करतो. अधिक गंभीर प्रकार त्यात आहे जो कळतच नाही. फायरवॉलचे नियम बहुधा कार्डाच्या नावाने लिहिलेले असतात. ‘ईथ१ वरून येणारे सर्व आपले, त्यांना येऊ द्या, ईथ० वरून येणाऱ्यांना अडवा’, अशा धर्तीचे ते असतात. दोन नावांची अदलाबदल झाली तर हाच नियम बाहेरच्यांना आपले समजून आत घेतो आणि आतल्यांना अडवितो. आतल्यांची तक्रार येते. बाहेरून येणारा तक्रार करीत नाही.

नावे अदलाबदल न होता पूर्णपणे नवी झाली, तर जुन्या नावाचे नियम कोणालाच लागू पडत नाहीत. मग सारे अवलंबून राहते ते फायरवॉलच्या मूळ धोरणावर. कोणताही नियम न जुळल्यास ‘नाकारा’ असे धोरण असेल तर सर्वच बंद होते, जे त्रासदायक पण सुरक्षित आहे. धोरण ‘स्वीकारा’ असेल आणि अडविण्याचे नियम तेवढे नावानिशी लिहिलेले असतील, तर नेटवर्क दिमाखात सुरू दिसते आणि दार सताड उघडे असते. दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी किंवा अशिलांची विवरणपत्रे साठविलेल्या संगणकाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. म्हणून सुधारणेनंतर ‘इंटरनेट चालू झाले’ एवढ्यावर समाधान मानून तंत्रज्ञाला निरोप देऊ नये.

विंडोज वापरणारेही सुटलेले नाहीत

विंडोजमध्ये दिसणारे नाव हे बरेचसे शोभेचे असते. सेटिंग आतल्या एका लांबलचक ओळख क्रमांकाला बांधलेली असतात. परंतु सुधारणेत किंवा नव्या ड्रायव्हरमुळे विंडोजने कार्डाला नवे उपकरण मानले, तर एक्सपीच्या काळातले ‘लोकल एरिया कनेक्शन २’ किंवा अलीकडचे ‘इथरनेट २’ अवतरते. त्याची सेटिंग कोरी असतात. हाताने दिलेला ठरावीक आयपी पत्ता जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डाजवळच राहतो. तोच पत्ता नव्याला देऊ पाहिले, तर तो दुसऱ्या कार्डाला आधीच दिलेला आहे, असा बुचकळ्यात टाकणारा संदेश येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखविण्याचा पर्याय निवडून ते भुताटकीचे कार्ड काढून टाकणे हा त्यावरचा इलाज. नव्या जोडणीला विंडोज ‘सार्वजनिक’ समजले, की प्रिंटर आणि सामाईक फोल्डरही इतरांना दिसेनासे होतात. ती ‘खासगी’ करून द्यावी लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने विंडोज ११ कडे जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी एका फेरीचे पैसे वाचतील.

उपाय काय?

सर्वांत स्वस्त उपाय सुधारणेच्या आधीचा आहे आणि त्याला कागद-पेन पुरते. प्रत्येक कार्डाचे सध्याचे नाव, मॅक क्रमांक, आयपी पत्ता आणि त्यात खोचलेली केबल कुठे जाते, हे लिहून काढावे. कार्डाच्या मागील पट्टीवर छोटी चिठ्ठी चिकटवावी. नेटवर्कच्या सेटिंगचे संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. नवी नावे काय पडतील, हे संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी तपासण्याची सोय यूडेव्हच्या चाचणी-आज्ञेत आहे. तंत्रज्ञाला ती चालवून दाखवायला सांगण्यात संकोच नको. आणि दुसऱ्या ठिकाणी बसून नेटवर्कमार्फत सुधारणा करण्याचा मोह टाळावा. ज्या दोरीवर उभे आहोत तीच कापण्यासारखे ते आहे. त्या संगणकाशेजारी पडदा आणि कीबोर्ड हजर हवा.

टिकाऊ उपाय म्हणजे नाव ठरविण्याचे काम प्रणालीवर न सोडता आपणच नाव देणे. सिस्टिमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये ‘लिंक’ प्रकारची एक छोटी फाईल लिहून ‘या मॅक क्रमांकाच्या कार्डाचे नाव अमुक’ असे सांगता येते. आतल्या कार्डाला ‘लॅन०’ आणि बाहेरच्याला ‘वॅन०’ म्हटले, तर सहा महिन्यांनी फायरवॉलचे नियम वाचणाऱ्यालाही अर्थ लागतो. ‘ईथ०’ हे नाव मात्र पुन्हा देऊ नये. कर्नल स्वतः ती मालिका वापरतो आणि दोघांची ओढाताण होऊन कार्ड भलत्याच तात्पुरत्या नावावर अडकून पडते. डेबियन आणि उबुंटूत ही फाईल लिहिल्यावर आरंभीची बूट-प्रतिमा नव्याने बनवावी लागते. हे विसरल्यामुळे फाईल बरोबर असूनही नाव बदलत नाही आणि तंत्रज्ञ तासभर फाईलीतच चुका शोधीत बसतो. उबुंटूच्या सर्व्हरवर ‘नेटप्लॅन’ असेल तर मॅक क्रमांक जुळवून नाव देण्याची सोय त्यातच आहे.

मालकाच्या नावाने पत्ता लिहिण्याचा दोष इथेही आहेच. कार्ड बदलले की फाईलीतला क्रमांक बदलावा लागेल. पण तो एकाच ठिकाणी बदलावा लागतो. फायरवॉल, आयपी वाटप आणि बाकी सारे ‘लॅन०’ वरच चालू राहते. अनेक कार्डे एकत्र बांधलेली किंवा एकाच कार्डावर अनेक व्हीलॅन असलेली मांडणी असेल, तर एकच मॅक क्रमांक अनेक नावांमागे दिसतो. अशा ठिकाणी कारखान्यातला मूळ मॅक क्रमांक जुळविण्याचा पर्याय वापरावा.

बूट करताना ‘नेट डॉट आयएफनेम्स बरोबर शून्य’ ही सूचना देऊन नवे नामकरण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एकच कार्ड असलेल्या संगणकावर तो निर्धोक म्हणावा असा आहे. दोन कार्डांच्या संगणकावर मात्र तो पहिल्या पद्धतीकडे, म्हणजे ‘डावीकडचे तिसरे घर’ या पत्त्याकडे, परत नेतो. घाईच्या वेळी काम भागविण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

घोटाळा आधीच झालेला असेल, तर प्रथम संगणकाला सध्या कोणती कार्डे दिसतात त्याची यादी काढावी. यादीत कार्ड असेल तर ते बिघडलेले नाही असे समजायला हरकत नाही. त्याचा मॅक क्रमांक कार्डावरील चिठ्ठीशी ताडून पाहावा. कोणते कार्ड कोणते, हे तरीही कळत नसेल तर एकेक केबल काढून कोणत्या नावाची जोडणी तुटली ते पाहावे. मग जुने नाव जिथे जिथे लिहिलेले आहे तिथे नवे घालावे. नेटवर्कची मुख्य फाईल बहुतेकांना आठवते. फायरवॉल, आतल्या संगणकांना आयपी पत्ते वाटणारी सेवा, व्हीपीएन आणि आभासी संगणकांचे पूल हमखास विसरले जातात. काही महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने ‘ईथ०’ या नावाच्या कार्डाचाच मॅक क्रमांक शोधत असत. तसले जुने सॉफ्टवेअर अद्याप वापरात असेल तर परवाना रद्द झाल्यासारखे भासते. अखेरीस, शक्य असल्यास मोबाइलच्या इंटरनेटवरून, म्हणजे बाहेरच्या बाजूने, कोणकोणती दारे उघडी दिसतात ते तपासून घ्यावे आणि संगणक आणखी एकदा बंद करून सुरू करावा. नावे तीच राहिली, तर टेबल पुन्हा भिंतीला लावायला हरकत नाही.